एकट्याने केलेला गेम: जाहीर झालेली तारीख पुढे ढकलावी का?

पाटीपेन्सिल
चर्चेसाठी प्रसंग असा धरू. कोड, चित्रं, लेव्हल सगळं एकाच माणसाच्या हातात आहे. स्टीमवर (संगणकावरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) तारीख जाहीर झालेली आहे आणि ती २५ दिवसांवर आली आहे. गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळता येतो, पण शेवटचे दोन टप्पे बाहेरच्या कुणी खेळून पाहिलेले नाहीत आणि अधूनमधून सेव्ह फाइल (खेळाडूची प्रगती साठवणारी) खराब होते. तारीख चार महिने पुढे न्यावी का?

माझं मत: न्यावी, आणि याच आठवड्यात. तारीख दोन आठवड्यांच्या आत आली की स्टीमवर ती आपली आपण बदलता येत नाही, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीला विनंती करावी लागते. बिल्डच्या, म्हणजे गेमच्या तयार प्रतीच्या, स्टीमकडून होणाऱ्या तपासणीला ३ ते ५ कामाचे दिवस जातात, त्यात काही निघालं की फेरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे कागदावरच्या २५ दिवसांपैकी कामाचे फार तर १२-१३ उरतात.

दुसरं कारण याहून मोठं. विशलिस्टवाल्यांना (‘घ्यायचा आहे’ म्हणून गेम यादीत टाकलेल्यांना) गेम आल्याची मेल त्या दिवशी जाते. त्यातले सगळ्यात उत्सुक लोक पहिल्या दोन दिवसांत विकत घेतात, आणि सेव्ह खराब होण्याचा अनुभवही त्यांनाच येतो. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, आणि परत करणाराही अभिप्राय लिहू शकतो. दहा अभिप्राय झाले की पानावर शेरा दिसायला लागतो. तो ‘संमिश्र’ पडला तर दोन महिन्यांनी दिलेला उत्तम पॅच (दुरुस्ती) तिथे येणाऱ्या नव्या माणसाला दिसत नाही, शेरा मात्र दिसतो.

सेव्हपॉइंट
पूर्ण असहमत. तुम्ही एक बग (दोष) आणि दोन न तपासलेले टप्पे सांगितलेत आणि चार महिने मागताय.

सेव्हचा प्रश्न तीन-चार दिवसांचा आहे. फाइल खराब होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुन्या फाइलवरच थेट लिहिणं. लिहिता लिहिता गेम बंद पडला किंवा वीज गेली की अर्धी फाइल उरते. उपाय ठरलेला आहे: आधी तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहा, डिस्कवर उतरल्याची खात्री करा, आधीची फाइल बॅकअप म्हणून बाजूला ठेवा आणि मग नवीचं नाव बदलून तिला जागेवर आणा. फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती क्रमांक आणि चेकसम (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) ठेवा. उघडताना चेकसम जुळला नाही तर बॅकअप उघडा. एवढं केलं की खेळाडूची फार तर शेवटची काही मिनिटं जातील, पूर्ण प्रगती जाणार नाही.

राहिले शेवटचे दोन टप्पे. त्यातला एक कापा. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन यांनी साडेचार वर्षं एकट्याने केला. मल्टिप्लेअरचं (अनेकांनी मिळून खेळण्याचं) आश्वासन दिलेलं होतं, तरी त्यासाठी गेम अडवून धरला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये एकट्याने खेळण्याचा गेम आला आणि मल्टिप्लेअर पीसीवर ऑगस्ट २०१८ मध्ये अपडेटमधून आलं. आधी सांगून वगळलेली गोष्ट लोक स्वीकारतात.

तिसरी_मिती
सेव्हपॉइंट, तुमचं सेव्हचं उत्तर बरोबर आहे, पण ते माहीत असलेल्या बगचं उत्तर आहे. एकट्या माणसाकडे बहुधा एक-दोन मशीन असतात, आणि जे बग त्या मशीनवर कधीच दिसणार नाहीत ते कुठल्याच यादीत नसतात. नेहमीचे सांगतो.

हालचाल फ्रेमनुसार (पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक) मोजली आणि डेल्टा टाइमने (दोन फ्रेममधल्या वेळाने) गुणायचं राहिलं, तर ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. १४४ हर्ट्झवर तोच शत्रू २.४ पट वेगाने धावतो. युनिटी या गेम बनवण्याच्या साधनात फिजिक्सचं (हालचाल-टकरींच्या गणिताचं) पाऊल मुळात ०.०२ सेकंदाचं असतं, म्हणजे सेकंदाला ५०. हालचालीचा अर्धा कोड अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या भागात) आणि अर्धा फिक्स्ड अपडेटमध्ये (त्या ठरलेल्या पावलाने चालणाऱ्या भागात) असेल तर उडीची उंची मशीनगणिक बदलते, आणि ‘ही कडा गाठताच येत नाही’ अशी तक्रार येते.

दशांश चिन्हाचा बग तर याहून लपलेला. सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आकडा वाचताना इन्व्हेरियंट कल्चर (सगळीकडे एकच नियम) सांगितलं नाही तर संगणकाच्या भाषेचे नियम लागतात. मजकुरातलं ०.५ जर्मन सेटिंगवर ५ म्हणून वाचलं जातं, फ्रेंच सेटिंगवर थेट एरर येते. पहिल्यात आवाज किंवा वेग दहापट होतो, दुसऱ्यात गेम सुरूच होत नाही. विंडोजच्या युजरच्या नावात रोमनबाहेरची अक्षरं असली की एखादी जुनी लायब्ररी (गेममध्ये वापरलेला तयार कोड) फोल्डर उघडू शकत नाही. खेळताना कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम पॉज होत नाही. नवा इफेक्ट पहिल्यांदा दिसताना शेडर (तो पडद्यावर रंगवणारा छोटा प्रोग्रॅम) तयार व्हायला लागतो आणि नेमक्या बॉसच्या लढाईत गेम अडखळतो.

हे शोधायला परकी मशीन लागतात. स्टीम प्लेटेस्ट (बाहेरच्यांना गेम आधी खेळू देण्याची सोय) त्यासाठीच आहे: मोफत, मूळ गेमच्या पानावरूनच नोंदणी, किती जणांना आत घ्यायचं ते आपण ठरवायचं. पण एक फेरी म्हणजे बिल्ड देणं, आठवडाभर खेळू देणं, लॉग (गेमने आपोआप ठेवलेल्या नोंदी) वाचणं, दुरुस्त करणं. दोन आठवडे धरा. अशा तीन फेऱ्यांशिवाय मी कुणालाही गेम काढा म्हणणार नाही, कारण पहिल्या फेरीत जे दुरुस्त होतं त्यातूनच दुसऱ्या फेरीतले बग निघतात.

सेव्हपॉइंट
म्हणजे सहा आठवडे. तेवढ्याला माझीही हरकत नाही. मग वरचे अडीच महिने कशाला?

मला त्या अडीच महिन्यांचीच भीती आहे. एकट्याला थांबवणारं कुणी नसतं. पहिल्या आठवड्यात बग दुरुस्त होतात, तिसऱ्यात मेनू नव्याने करावासा वाटतो, सहाव्यात ‘क्राफ्टिंग (वस्तू बनवण्याची सोय) घातलं तर किती छान होईल’. प्रत्येक नव्या भागाबरोबर नवे बग येतात, आणि चार महिन्यांनंतर न तपासलेल्या कोडचं प्रमाण आहे तेवढंच राहतं. तारीख पुढे न्यायची तर त्याच दिवशी नव्या गोष्टींना कुलूप लावा. रिलीजची वेगळी ब्रांच (कोडची स्वतंत्र प्रत) काढा आणि तिच्यात बगचा क्रमांक नसलेला एकही बदल जाऊ देऊ नका. बगचे चार कप्पे करा: गेम बंद पडणं, प्रगती जाणं, खेळाडू कायमचा अडकणं, आणि बाकीचं. पहिले तीन रिकामे झाले की गेम काढायचा. चौथा कधीच रिकामा होत नाही.

कळफलक
तिघांनीही कॅलेंडर बाजूला ठेवलं आहे. नेक्स्ट फेस्टमध्ये (येऊ घातलेल्या गेमचे डेमो, म्हणजे मोफत नमुने, खेळायला मिळतात तो स्टीमचा उत्सव) एका गेमला एकदाच भाग घेता येतो. तो फेस्ट होऊन गेला असेल तर डेमो खेळून विशलिस्टमध्ये टाकलेल्यांची आठवण ताजी असतानाच गेम यायला हवा. चार महिन्यांत ते लोक गेमचं नावही विसरतात. फेस्ट अजून व्हायचा असेल तर उलट: तारीख त्याच्यापलीकडे नेणं हेच शहाणपण, आणि मग चार महिनेही जास्त नाहीत.

पुढे नेण्याचं कारण दर वेळी बग हेच असतं असंही नाही. लोक ज्याची वाट बघत होते त्या हॉलो नाइट: सिल्कसाँग या गेमची तारीख २१ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाली आणि गेम ४ सप्टेंबरला आला. मध्ये जेमतेम दोन आठवडे. बेबी स्टेप्स, क्लोव्हरपिट, डेमनस्कूल या गेमनी आपापल्या तारखा पुढे नेल्या. ते गेम कच्चे होते म्हणून नव्हे. त्या आठवड्यात स्ट्रीमर आणि पत्रकार दुसरीकडे बघणारच नव्हते.

नादब्रह्म
पैशाचा प्रश्न कुणीच काढला नाही. चार महिने म्हणजे उत्पन्नाशिवाय चार महिन्यांचा खर्च. तो हातात नसेल तर वरची सगळी चर्चा फोल आहे. भाषांतरकाराला दिलेल्या मुदती, संगीताचे करार, पत्रकारांना आधीच पाठवलेल्या प्रेस की (गेम मोफत उघडण्याचे कोड) हेही सगळं सरकतं. आणि शरीर: रिलीजनंतरचे पहिले दोन आठवडे पॅच, मेल आणि तक्रारी एकाच वेळी येतात. आधीच्या महिन्यात रोज चार तास झोपलेला माणूस त्या घाईत मध्यरात्री पॅच चढवतो आणि चालू असलेलं काहीतरी मोडतो. तारीख पुढे न्यायला मला एवढं एक कारणही पुरतं.

पाटीपेन्सिल
नादब्रह्म, खर्चाचा मुद्दा मान्य. हातात पैसे नसतील तर एक टप्पा कापून सहा आठवड्यांत काढणं हाच मार्ग. पण पैसे असतील तर सहा आठवडे मला अजूनही अपुरे वाटतात. तीन फेऱ्यांचे सहा आठवडे धरले तर बिल्डच्या तपासणीला एक आठवडा, ती फेरी पुन्हा करावी लागली तर आणखी एक, समीक्षकांना अंतिम बिल्ड द्यायला किमान दोन. दहा झाले. कन्सोलवरही (प्लेस्टेशनसारख्या गेमच्या यंत्रावर) त्याच दिवशी काढायचा असेल तर सर्टिफिकेशन (त्या कंपनीची तपासणी) नापास होण्यासाठी वेगळी जागा ठेवावी लागते. चार महिने मी हवेतून काढलेले नाहीत.

तारीख दुसऱ्यांदा सरकली की लोकांचा विश्वास उडतो. म्हणून पहिल्यांदाच भरपूर वेळ मागा.

तिसरी_मिती
मग नवी तारीख आत्ता देऊच नका. स्टीमच्या पानावर दिवसाऐवजी महिना, तिमाही किंवा नुसतं वर्षही दाखवता येतं. तिमाही लिहा, आणि दुसरी फेरी संपून पहिले तीन कप्पे रिकामे झाले की दिवस जाहीर करा. घोषणेत कारण नेमकं लिहा: ‘सेव्ह फाइल खराब होण्याचा दोष आहे, शेवटचे दोन टप्पे बाहेरच्या खेळाडूंकडून तपासून घ्यायचे आहेत, प्लेटेस्टची नोंदणी सुरू आहे.’ ‘गेम आणखी सुंदर करण्यासाठी’ असं लिहिलंत तर लोक नव्या गोष्टींची वाट बघतील.

सेव्हपॉइंट
तिमाहीला माझा विरोध आहे. दिवस ठरलेला नसेल तर कुलूप लागत नाही. पानावर हवं तर तिमाही दाखवा, पण आपल्याकडे दिवस लिहिलेला हवा, आणि त्याच्या २१ दिवस आधीची तारीखही: त्या दिवशी तिसऱ्या कप्प्यात काही उरलं असेल तर तो टप्पा कापायचा, दिवस हलवायचा नाही.