सेकंडहँड गिअरबॉक्स बसवल्यापासून रिव्हर्स गिअर घासतो

जांबोटी रोड, खानापूर तालुका

नमस्कार. आमच्याकडे २००४ सालची, चार गिअरची मारुती ८०० आहे. ती वडिलांनी घेतलेली असल्यामुळे नोंदणीचे दोनदा नूतनीकरण करून आम्ही ती अजून चालवतो. गेल्या पावसाळ्यात चढावर तिसरा गिअर आपोआप निसटू लागला. जुना गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्यापेक्षा दुसरा बसवणे स्वस्त पडेल असे कळल्यामुळे मी कोल्हापुरातून याच मॉडेलचा वापरलेला गिअरबॉक्स आणला आणि बेळगावातील एका गॅरेजमध्ये तो बसवून घेतला. त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन टाकले.

पहिले तीन-चार दिवस गाडी चांगली चालली. त्यानंतर रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येऊ लागला, पहिला गिअरही अडखळू लागला आणि क्लचचे पेडल पूर्वीपेक्षा बरेच जड झाले. इंजिन बंद असताना मात्र चारही गिअर आणि रिव्हर्स अगदी सहज पडतात. गॅरेजवाल्यांच्या मते मी आणलेला गिअरबॉक्सच खराब आहे, तर विकणारा म्हणतो की तो चालत्या गाडीतून काढलेला होता. आणखी एक गोष्ट म्हणजे याच काळात सेल्फ जड चालू लागला आहे. बॅटरी जुनी असल्यामुळे तसे होत असावे आणि गिअरबॉक्सशी त्याचा संबंध नसावा, असे मी धरून चाललो आहे. आता पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

निपाणीकर

सर्वप्रथम आत कोणते ऑइल भरले आहे ते विचारा. पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरला किंवा ट्रकच्या मागच्या एक्सलला लागणारे जीएल-५ प्रतीचे ऑइल अशा लहान गाड्यांमध्येही ओततात. त्यातील गंधकयुक्त घटक सिंक्रोनायझरच्या (गिअर पडताना दात्यांचा वेग जुळवून घेणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत आणि गिअर अडखळू लागतात. या गाडीला जीएल-४ पुरेसे असते. पातळीही पाहून घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करून बाजूचा भरणी-बोल्ट काढावा आणि त्या छिद्रातून ऑइल ओघळू लागेपर्यंत भरावे.

उद्यमबागेतला मशिनिस्ट

निपाणीकरांनी सांगितलेले ऑइल जरूर तपासा, परंतु तुमच्या तक्रारीचे मूळ तिथे असेल असे मला वाटत नाही. या गाडीच्या रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतोच, त्यामुळे तो घासण्याचा दोष पितळी रिंगांवर येत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. याचा अर्थ आतील दाते आणि गिअर लिव्हरची जोडणी बहुधा ठीक आहे, आणि पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे चालू इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नाही. खात्री करायची असेल तर इंजिन सुरू ठेवून पेडल तळापर्यंत दाबा, पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढे थांबूनही घासला, तर क्लच अडकतो आहे असे समजावे.

मात्र तुम्ही बाजूला सारलेली सेल्फची तक्रार मला अधिक महत्त्वाची वाटते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून वेगळे असतात. सेल्फ गिअरबॉक्सच्या आवरणालाच बोल्टने जोडलेला असतो आणि तो फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक विद्युतप्रवाह घेतो. हा प्रवाह बॅटरीकडे परत नेण्यासाठी जाड अर्थिंग वायर दिलेली असते. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडावी लागते, आणि परत चढवताना ती जोडायची राहून जाणे ही नेहमी घडणारी चूक आहे. मग प्रवाह मिळेल त्या धातूच्या वाटेने बॉडीकडे जातो, आणि अशी सर्वांत जवळची वाट म्हणजे क्लचची केबल. ती तापते, आतले प्लास्टिकचे अस्तर वितळते आणि तार त्यात रुतून बसते. पेडल जड होणे, क्लच न सुटणे आणि रिव्हर्स घासणे हे सगळे एका सुटलेल्या वायरीमुळे होऊ शकते.

गॅरेजला जाण्यापूर्वी घरीच एक प्रयोग करा. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारा. तो झटक्यात फिरला, तर दोष सापडला. मल्टीमीटर असेल तर सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि गिअरबॉक्सचे आवरण यांमधील व्होल्टेज मोजा. ते अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असता कामा नये.

निपाणीकर

हे मला सुचले नव्हते. रिव्हर्सविषयीचा मुद्दा मान्य आहे.

जांबोटी रोड, खानापूर तालुका

आपण दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी शेजाऱ्यांकडून मल्टीमीटर आणून मोजले, तर सेल्फ मारताना २ व्होल्टपेक्षा अधिक आले. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर क्लच केबलच्या टोकाला हात लावला, तर ते चांगलेच गरम लागले. बॅटरीचा ट्रे काढल्यावर अर्थिंगची वायर त्याच्याखाली मोकळी लोंबकळताना दिसली. गिअरबॉक्सवर विकणाऱ्याने चंदेरी रंग मारलेला होता, म्हणून बोल्टची जागा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासली आणि मगच वायर आवळली. सेल्फ लगेच पूर्वीसारखा फिरू लागला. क्लच मात्र तसाच जड आहे, त्यामुळे आता नवीन केबल टाकावी असे दिसते.

उद्यमबागेतला मशिनिस्ट

केबल बदलाच, तेल सोडून ती सुधारणार नाही. नवीन केबल बसवल्यावर क्लच पेडलला साधारण २ सेंटीमीटर मोकळी चाल ठेवा. अजिबात चाल न ठेवल्यास नवीन रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहून लवकर झिजेल. ॲक्सिलरेटरची केबलही काढून पाहा, कारण तिच्यातूनही प्रवाह गेलेला असू शकतो, आणि ती अडकली तर चोर्ला घाटाच्या उतारावर जिवावर बेतेल. एक्सलच्या ऑइल सीलपाशी ओल आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

जांबोटी रोड, खानापूर तालुका

दोन्ही केबली बदलल्या. ॲक्सिलरेटरची केबल एका जागी खरोखरच कडक झालेली होती. रिव्हर्स आता आवाज न करता पडतो. ऑइलही काढून जीएल-४ भरले. डाव्या सीलपाशी थोडी ओल आहे, ते पुढच्या आठवड्यात बदलून घेईन. क्लचची वितळलेली केबल उभी चिरून ठेवली आहे. ती आधी गॅरेजमध्ये दाखवणार आहे आणि कोल्हापूरच्या विक्रेत्यालाही फोन करून त्याचा गिअरबॉक्स चांगला निघाल्याचे कळवणार आहे, कारण दहा दिवस मी त्यालाच दोष देत होतो.