विषयांतराचा राग नुसता सोवळेपणाचा नव्हता

एकांनी म्हटलंय की जुन्या यूजनेटवरची (म्हणजे विषयवार गटांत चालणाऱ्या संगणकावरच्या चर्चेच्या जाळ्यावरची) मंडळी विषयांतरावरून उगाच कडाडायची. थोडं पटतं, पण त्या चिडचिडीमागे पैशाचा हिशोब होता. ८० च्या दशकात बरेचसे संदेश एका संगणकावरून दुसऱ्यावर टेलिफोनच्या तारेनं जायचे आणि बिल कुठलं तरी विद्यापीठ नाहीतर कंपनी भरायची. संदेश पाठवण्याआधी 'पीन्यूज' हा प्रोग्राम बजावायचा, की हा मजकूर हजारो यंत्रांवर जाणार आहे, शेकडो डॉलर खर्च होतील, नक्की पाठवायचाय ना? एवढं वाचून कुणी मांजरांच्या गटात राजकारण काढलं तर लोक चिडणारच.

दुसरी गोष्ट जास्त तांत्रिक आहे. एकच संदेश अनेक गटांत एकत्र टाकला (क्रॉसपोस्ट), तर चांगला न्यूजरीडर, म्हणजे यूजनेट वाचायचा प्रोग्राम, तो वाचकाला एकदाच दाखवायचा. १२ एप्रिल १९९४ ला कॅन्टर आणि सीगल या वकील जोडप्यानं ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो गटांत सुटी सुटी टाकली. त्यामुळे प्रत्येक गटात तीच जाहिरात पुन्हा समोर! माझ्या मते लोक जाहिरातीपेक्षा या कोडगेपणावर जास्त भडकले.

इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची आरएफसी १८५५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीच्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी एक) ही ऑक्टोबर १९९५ ची. तिच्यात नवख्यांना सल्ला आहे: लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. आज दोन मिनिटं कोण थांबतंय!

बाकी 'विषय सोडून लिहू नका' हे सांगायला आलेले वीस प्रतिसाद, तेही विषय सोडूनच असायचे.