इंदूर अजून किती फुगवायचं?

रामबागकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'शहर जितकं मोठं तितकी प्रगती. अर्धं जग शहरात आलंय. इंदूर ५० लाखांचं होऊ द्या, रडगाणी बंद करा.' दोनदा उत्तर लिहून खोडलं, आता राहवत नाही.

भिया, संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या यादीत जगात पहिला नंबर जकार्ताचा, जवळपास ४.२ कोटी माणसं. तेच जकार्ता जमिनीतलं पाणी उपसून उपसून खचतंय, आणि सरकार बोर्निओत नवी राजधानी बांधायला निघालंय. हा आपला आदर्श? आमच्या गल्लीत तीन वाडे पाडून तीन इमारती झाल्या. प्रत्येकीचं बोरिंग वेगळं. वडिलांच्या वेळी दीडशे फुटांवर पाणी होतं. परवा शेजारी सहाशे फूट गेले, नुसती धूळ निघाली. आमचं अंगण, तुळस, वाळत घातलेल्या कुरडया, सगळं पीठ शिंपडल्यासारखं पांढरं.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसनं १९१८ मध्ये होळकर दरबाराला अहवाल दिला. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, जपून सुधारा, हे त्याचं म्हणणं. कोणी ऐकलं?

विजयनगरी: तो 'कुणीतरी' मीच. आजोबा होळकरांच्या नोकरीसाठी दक्षिणेतून आले असतील ना तुमचे? तेव्हा नाही वाटलं गाव फुगतंय? आपण आत शिरलो की दाराला कडी लावायची, हे बरं आहे.

मी खरगोनकडचा. आमच्या गावात शाळा आठवीपर्यंत. मी मामाकडे इंदूरला आलो, शिकलो, नोकरीला लागलो. बहिणीला कोण पाठवणार? ती आठवीतच थांबली. माझ्यापेक्षा हुशार होती, अजूनही माझा हिशेब तीच दुरुस्त करते. तुम्हाला वाडा दिसतो, मला ती दिसते.

आकडेमोड: दोघेही जरा थांबा. २०१८ च्या यादीत टोकियो ३.७ कोटींवर पहिलं होतं आणि जकार्ता एक कोटीच्या आसपास. सात वर्षांत तीन कोटी लोक बोटीतून उतरले नाहीत. शहराची हद्द कशी धरायची ती पद्धत बदलली. आपल्याकडेही २९ गावं हद्दीत घेतली, तिथला शेतकरी जागचा हलला नाही आणि इंदूरकर झाला. शिवाय वाढ म्हणजे फक्त बाहेरून येणारे नव्हेत. शहरातच जन्मणारी पोरंही त्यात असतात. मोजलेला आकडा २०११ चा, वीस लाखांच्या आतबाहेर. बाकी सगळे अंदाज.

रामबागकर: आकड्यांनी नळाला पाणी येतं का?

सुदामानगरची मावशी: पाण्याचं काढलंत म्हणून बोलते. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. त्या पाऊण तासात समोरचे गृहस्थ मोटर लावून खेचतात आणि पाइप धरून गाडी धुतात. गाडी पुसून निघते हो! १९७८ च्या आधी या शहरात नर्मदा नव्हती. आई पहाटे हंडा घेऊन रांगेत उभी राहायची आणि मी तिची जागा धरायला दगड ठेवायचे. दगडावरून भांडणं व्हायची.

विजयनगरी: मावशी, तुमच्या भागात निदान नळ आहे. आमच्या टाउनशिपला टँकर. ब्रोशरवर कारंजं होतं.

मावशी: मग कारंजं बघून घेतलंत कशाला?

विजयनगरी: परवडत होतं तिथे घेतलं. रामबागेत वाडा वारशानं मिळाला नव्हता.

रामबागकर: वाड्यावर येऊ नका. चौथा हिस्सा आहे माझा, आणि तो गळतो.

पुण्यात अडकलेला: इथेही टँकरच आहेत, मंडळी. शिवाय पोह्यांवर शेव मागितली की लोक बघतात. इंदूर मोठं करा किंवा नका करू, आमच्यासारख्यांना परत यायला एक बरी नोकरी ठेवा. आईबाबा तिथे, मी इथे, आणि दोन्हीकडे पाण्याचीच बोंब.

आकडेमोड: पाण्यावरच बोलायचंय तर नीट बोला. नर्मदा जलूदहून येते, सत्तरेक किलोमीटर, तीही विंध्य चढून, पंपांच्या जोरावर. आपल्याकडे पोचणाऱ्या प्रत्येक बादलीत वीज ओतलेली असते. ते बिल कमी करायला महापालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, जलूदजवळ ६० मेगावॉटच्या सौरऊर्जेसाठी. म्हणजे शहर वाढवणं अशक्य नाही, महाग आहे. ते पैसे कोण भरतो, हा प्रश्न.

मावशी: गाडी धुणाऱ्यानं भरावेत.

रामबागकर: विजयनगरी, बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तिच्यासाठी इंदूर ५० लाखांचं करायचं की खरगोनकडे बारावीपर्यंत शाळा काढायची? शाळा निघाली असती तर तुम्हीही तिथेच राहिला असतात.

विजयनगरी: शाळा निघाली असती तर दोघंही शिकलो असतो आणि दोघंही इंदूरला आलो असतो. शिकलेला माणूस नोकरी असेल तिथे जातो. ती कापसाच्या शेतात उगवत नाही.

रामबागकर: बरं बाबा, तुमचंच खरं. या सगळे. फक्त सांगा, ५० लाखांना पाजणार कोणत्या नदीचं?

विजयनगरी: नर्मदेचं. दुसरी ठेवलीय कुठे आपण?

रामबागकर: एवढं एक वाक्य मान्य.

मावशी: भांडण मिटलं असेल तर ऐका. आज नळाचा दिवस. समोर पाइप सुरू झालाय, आणि आज दोन गाड्या आहेत.