आयपी ब्लॉक करण्याआधी

ज्या सर्व्हरवरून स्पॅम आला त्याचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), जमल्यास आख्खा /24 पट्टा, आपल्या मेल सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये बंद करा असा सल्ला दिला जातो. कृपया तसं करू नका. /24 म्हणजे सलग 256 पत्ते, आणि शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, एकेका पत्त्यामागे शेकडो डोमेन असू शकतात. एकाचा पासवर्ड फुटून स्पॅम गेला आणि तुम्ही पत्ता बंद केला, की बाकीच्यांची बिलांची मेलही अडकते. शिवाय फायरवॉलने पॅकेट गिळली तर पाठवणाऱ्याला नकारही कळत नाही. पाठवणाऱ्याकडचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगनुसार पाच दिवस प्रयत्न करत राहतो, मग मेल परत जाते. 550 हा कायमच्या नकाराचा कोड दिला तर निदान लगेच समजतं.

स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या, डीएनएसवरून विचारता येणाऱ्या तयार याद्याही डोळे झाकून लावू नयेत. ओआरडीबी ही अशीच एक यादी डिसेंबर 2006 मध्ये बंद झाली. मार्च 2008 मध्ये ती प्रत्येक पत्त्याला 'यादीत आहे' म्हणू लागली आणि कॉन्फिगमध्ये ती तशीच राहिलेल्यांची सगळी मेल नाकारली गेली. अशा याद्या चालवणाऱ्या स्पॅमहाउसला गूगलच्या 8.8.8.8 या सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हरमार्फत (नाव-पत्त्यांची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) विचारलं तर 127.255.255.254 येतं. तो एरर कोड आहे, लिस्टिंग नव्हे! म्हणून स्पॅमहाउसच्या झेन या एकत्रित यादीसाठी 127.0.0.2 ते 127.0.0.11 एवढीच उत्तरं धरा, रिझॉल्व्हर स्वतःचा चालवा. नवी यादी आधी पोस्टफिक्सच्या 'वॉर्न-इफ-रिजेक्ट'खाली (मेल न नाकारता फक्त लॉगमध्ये नोंद होते) ठेवून आठवडाभर लॉग वाचा. पोस्टमास्टरचा, म्हणजे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याचा, मेल पत्ता मात्र या तपासणीतून वगळाच. चुकून अडकलेल्याला कळवायला तेवढीच वाट उरते.