दहा मुलं बूनची म्हणे! मग रिबेका कोण होती?

रानजाई
अमेरिकेतल्या मिसुरीत डॅनियल बूनचं, म्हणजे केंटकीत वाट पाडून वस्ती करणाऱ्या वसाहतकाराचं, घर पाहून आलेल्या एका सदस्यानं काल लिहिलं, "८५ वर्षांचं आयुष्य, दहा मुलं, रान तोडून वसवलेला मुलूख. आणि आपण एका पोरात दमतो." तिथेच प्रतिसाद द्यायला बसले, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

ती दहा मुलं त्याच्या बायकोनं, रिबेकानं जन्माला घातली. १७५६ साली लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. थोरला जेम्स १७५७ चा, धाकटा नेथन १७८१ चा. म्हणजे चोवीस वर्षं घरात पाळणा हलताच. त्यात लग्न झाल्या झाल्या दिराची पोरकी मुलं पदरात आली. नवरा १७६९ ला केंटकीच्या रानात शिकारीला गेला तो १७७१ ला उगवला. तोवर शेत, गुरं, चूल कुणी सांभाळली? १७७८ साली तिथल्या मूळनिवासी शॉनी लोकांनी त्याला पकडून नेलं. तो मेला असं धरून ही बाई पोरं घेऊन डोंगर ओलांडून नॉर्थ कॅरोलायनात माहेरी परतली. काल तिचं नावसुद्धा आलं नाही.

माझ्या आजीची नऊ बाळंतपणं. आठव्याच्या वेळी बाराव्या दिवशी ती भातलावणीला चिखलात उतरली होती. बाळ बांधावर टोपलीत, वर इरलं झाकलेलं. रडलं की हात धुऊन पाजायला जायची आणि परत वाकायची. आजोबा गेले तेव्हा लोक म्हणाले, "भरल्या घरातून गेला." ते घर भरलं कुणी, हे कुणी बोललं नाही.

सेंटलुईसकर
तो सदस्य मीच. रिबेकाचं नाव राहिलं, चुकलं. पण म्हणून बूनचं आयुष्य हलकं होत नाही. १७७३ ला थोरला जेम्स मारला गेला, १७८२ ला ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इस्राएल डोळ्यांदेखत पडला. शॉनींच्या कैदेतून हाच माणूस निसटला आणि बूनझबरो गावाला सावध करायला चार दिवसांत १६० मैल तुडवत आला. गावात पोचला तर बायको माहेरी गेलेली, फक्त मुलगी जेमायमा थांबलेली.

मी २००३ साली दोन बॅगा घेऊन इथे अमेरिकेत उतरलो. वडील गेले तेव्हा तिकीट मिळेपर्यंत अग्नी दिला गेला होता. मी पाहिलं ते घर धाकट्या नेथनचं. त्याच्या जाड चुनखडी भिंतींना हात लावला तेव्हा वाटलं, हा म्हातारा १८२० साली इथेच वारला, मुलानातवंडांत. माझ्या वडिलांना ते मिळालं नाही. म्हणून लिहिलं. तुम्ही त्यातून भलतंच काढलंत.

कोयनाकाठ
रान तोडून मुलूख वसवला म्हणता, ते रान काय मोकळं पडलं होतं? १७७५ च्या मार्चमध्ये हेंडरसन नावाच्या माणसाच्या कंपनीनं सिकामोर शोल्सला चेरोकी या मूळनिवाशांशी त्या जमिनीचा सौदा केला. त्यांच्यातलाच ड्रॅगिंग कॅनू विरोधात उभा राहिला. शॉनी तिथं पिढ्यान् पिढ्या शिकार करत होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. त्याच महिन्यात बून तीसेक माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन कंबरलँड खिंडीतून वाट पाडत निघाला.

आमचं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली आहे. आजा जन्मभर सांगायचा, "जमीन तिकडं नेली, पण वळख इकडंच बुडाली." नवीन गावात तिथल्या लोकांनी आम्हाला वर्षानुवर्षं 'धरणवाले' म्हटलं. त्यांचंही बरोबरच, गायरान त्यांचंच गेलं होतं. म्हणून वसाहतकाराचं कौतुक चाललं की मला आधी उठवलेला माणूस दिसतो.

मोजणीदार
भूमापनात हयात गेली, म्हणून बोलतो. बूनची खरी शोकांतिका मोजणीची आहे. केंटकीत हद्द धरायची ती झाडाच्या खुणेपासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून दगडापर्यंत. झाड पडलं, हद्द गेली. एकाच जमिनीवर तीनतीन दावे, कौलांसारखे एकावर एक चढलेले. बून स्वतः मोजणी करत होता, तरी त्याचे दावे टिकले नाहीत. १७९८ साली साक्षीला हजर राहिला नाही म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं, आणि त्याच वर्षी त्याच्या नावानं केंटकीत बून काउंटी झाली.

रानजाई
मोजणीदार काका, माफ करा, पण धागा बाईवर आहे. दोन प्रतिसादांत आपण बांधावर पोचलो.

मोजणीदार
बाई, त्या दहा लेकरांच्या पोटाचा प्रश्न बांधावरच होता. जमीन गेली म्हणून १७९९ ला, पासष्टीला टेकलेला माणूस कुटुंब घेऊन मिसुरीत गेला. तेव्हा तो मुलूख स्पेनचा. ८५० एकर मिळाले, पण वरच्या अधिकाऱ्याची सही घेतली नाही. १८०३ ला अमेरिकेनं प्रांत विकत घेतला आणि दावा फेटाळला गेला. अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, जमीन परत दिली ती १८१४ साली. रिबेका १८१३ ला गेली होती. झालं ना बाईवर?

रानजाई
हो, झालं. ते १८१३ मला ठाऊक नव्हतं. ती जमीन परत आलेली तिनं पाहिलीच नाही.

सेंटलुईसकर
आणि त्यातली बरीचशी त्यानं केंटकीतलं देणं फेडायला विकली. हे कोयनाकाठांनीही लक्षात घ्यावं. तो जहागीरदार नव्हता.

कोयनाकाठ
देणं फेडलं, चांगलं केलं. शॉनींचं देणं कुणी फेडलं? तुम्ही ग्रीन कार्डवाल्यांनी आम्हाला कष्ट शिकवू नका.

सेंटलुईसकर
माझ्या कार्डाचा इथे काय संबंध? वडिलांच्या अंत्यविधीला न पोचलेल्या माणसाला असं बोलता? शॉनींबद्दल तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण बोलण्याची ही रीत नव्हे.

कोयनाकाठ
वडिलांचं वाचून सुद्धा तसं लिहिलं, चुकलं. रागात होतो. आज पुन्हा एका कचेरीत चौथी फेरी झाली. पुनर्वसनात मिळालेल्या गटाच्या सातबाऱ्यावर आमचं नाव अजून इतर हक्कातच आहे, कब्जेदार म्हणून लागत नाही. वाटपाचा कागद आजाच्या ट्रंकेत होता, त्याला वाळवी लागली.

मोजणीदार
कागद गेला म्हणून हक्क जात नाही. नवीन गावच्या गटाचे सुरुवातीपासूनचे सगळे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, काढा. वाटपाच्या वर्षाचा फेरफार सापडला की त्यात मूळ आदेशाचा क्रमांक असतो, त्यावरून नक्कल मागा. अर्ज लेखी द्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. गटाची आजची चतु:सीमा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, बघतो.

रानजाई
आणि त्या फेरफारात आजीचं नाव आहे का, तेही बघा.