आजी ८९ वर्षांची, अल्सर फुटलाय, ऑपरेशनला हो म्हणावं का? (अर्जंट)

मिरजकर: काल रात्रीपासून आजीचं पोट दुखत होतं, ताप नाही काही नाही म्हणून आम्ही गॅसेस समजलो, सकाळी बीपी लो झालं तेव्हा ॲडमिट केलं तर एक्सरेत अल्सर फुटलेला दिसतोय. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर वर्षभर चालू होत्या. सर्जन म्हणतात केलं तरी रिस्क खूप, नाही केलं तर वाचणं अवघड, लवकर सांगा. बाबा करूया म्हणतात, आत्या म्हणते या वयात चिरफाड नको. कोणी यातून गेलंय का?

सर्जन_लातूर: नुसतं वय बघू नका. महिन्यापूर्वी आजी कशा होत्या ते सांगा, आंघोळ, संडास, जेवण स्वतःचं स्वतः करायच्या का, माणसं ओळखायच्या का? इंग्लंडमध्ये पोटाच्या इमर्जन्सी ऑपरेशन्सचं मोठं ऑडिट चालतं, त्यातही वयस्कर पेशंटचा मूळचा अशक्तपणा १ ते ९ च्या स्केलवर बघतात. हिंडत्याफिरत्या ८९ कधीकधी अंथरुणाला खिळलेल्या ७० पेक्षा चांगलं झेलतात. भोक शिवायला फार वेळ लागत नाही हो, खरी परीक्षा नंतर असते, किडनी, न्यूमोनिया, भ्रम होणं, व्हेंटिलेटर सुटेल की नाही. आणि ताप नव्हता यावर जाऊ नका, म्हाताऱ्या माणसांत पोट फुटलं तरी कित्येकदा ताप येत नाही.

सुमा_ताई: आमच्या सासऱ्यांचं आम्ही नाही केलं, ते आधीच दोन वर्षं बेडवर होते. नाकातून नळी, अँटिबायोटिक, दुखायचं भारी इंजेक्शन, सगळं दिलं. ऑपरेशन नको म्हटलं की लोकांना वाटतं म्हाताऱ्याला टाकून दिलं, तसं नसतं.

मिरजकर: डॉक्टर, आजी परवापर्यंत भाजी निवडत होती, मंदिरात चालत जायची. नळी आणि औषधांवर भागेल का?

सर्जन_लातूर: कधीकधी भोक आपोआप बुजतं, पण सत्तरीनंतर ते कमी जमतं आणि इथे बीपी पडलंय, मी तरी थांबणार नाही. पण व्हेंटिलेटर किती दिवस, डायलिसिस करायचं का, हे आत्ताच ठरवून टीमला सांगा, नंतर आयसीयूच्या दारात भांडणं होतात. शुद्धीत असतील तर आधी त्यांनाच विचारा की.

मिरजकर: विचारलं. म्हणाली दुखणं थांबव आधी, काय कापायचं ते काप, पण मशीनवर पाडून ठेवू नका. आत्याही हो म्हणाली. सही केली, रक्ताच्या पिशव्या आणायला निघालोय.