मदत हवी आहे : अनुलोम-विलोम करताना मन शांत होण्याऐवजी धास्तावतं

नमस्कार मंडळी,

प्राणायामाचा नियमित सराव असलेल्यांकडून मार्गदर्शन हवं आहे. इथे कुणी योगशिक्षक किंवा डॉक्टर असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

बऱ्याच दिवसांपासून माझी झोप उथळ झाली आहे. बारीकसारीक कारणाने छातीत धडधडतं. रक्तदाब, थायरॉईड, ईसीजी सगळं करून झालं, काही निघालं नाही. श्वासाचा एखादा व्यायाम रोज करा असं डॉक्टरांनीच सुचवलं, म्हणून एका वर्गात जाऊन अनुलोम-विलोम शिकले. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडायचं, अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने श्वास घ्यायचा, अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडायचा, उजवीनेच घ्यायचा आणि डावीने सोडायचा. हे झालं एक आवर्तन. पद्धत समजली आहे, तिथे घोटाळा नाही.

अडचण आकड्यांपासून सुरू होते. वर्गात ४ मोजून श्वास घ्यायला, १६ मोजेपर्यंत धरायला आणि ८ मोजून सोडायला सांगितलं आहे. बाराच्या आसपास गळा आवळल्यासारखा होतो, खांदे कानांकडे चढतात. सोडायला लागले की पहिल्या दोन-तीन आकड्यांतच बहुतेक हवा फस्सकन निघून जाते, पुढचे आकडे नुसते मोजायचे म्हणून मोजते आणि पुढचा श्वास अधाशासारखा आत ओढला जातो. नंतरची आवर्तनं ती तूट भरून काढण्यातच जातात. शेवटी डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. ‘सवयीने जमेल’ एवढंच उत्तर मिळतं.

दुसरं म्हणजे डावी नाकपुडी. सर्दी नसतानाही सकाळी ती बहुधा चोंदलेली असते. संध्याकाळी पाहावं तर ती मोकळी आणि उजवी बंद! ‘तुमची इडा नाडी (म्हणजे डाव्या नाकपुडीची प्राणवाहिनी) अशुद्ध आहे, म्हणून मनाचा समतोल ढळला आहे’ असं वर्गात सांगण्यात आलं. ते ऐकल्यापासून उठल्याउठल्या नाकाखाली बोट धरून कुठली बाजू चालू आहे ते बघायची सवयच लागली आहे. डावी बंद दिसली की दिवसभर मनाला हुरहूर.

आणि सगळ्यात जास्त त्रास याचा, की श्वासाकडे एकदा लक्ष गेलं की तो आपला आपण चालेल यावर विश्वासच बसत नाही. सराव संपवून कामाला लागले तरी मी आत-बाहेर बघत राहते.

मग सोडून का देत नाही? कारण मध्येच कधीतरी मोजायचं राहून जातं, हात नुसता नाकाशी असतो, आणि अचानक खांदे खाली येतात, मोठी जांभई येते, पोटातली गाठ सैल होते. तेवढा वेळ जे वाटतं ते मला दुसऱ्या कशानेही मिळालेलं नाही. ते हवं आहे.

तर श्वास धरणं खरोखर आवश्यक आहे का? नाकपुडी बंद असणं हा दोष आहे का? आणि हे सतत श्वासावर पहारा देणं कसं थांबवायचं? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, बरीच वर्षं प्राणायाम शिकवतो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कुंभक, म्हणजे श्वास धरणं, आजपासून बंद करा. थोडा कमी नव्हे, पूर्ण बंद.

१:४:२ हे प्रमाण शास्त्रात आहेच. घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात नाडीशुद्धीसाठी १६ मात्रा (आकडे) पूरक म्हणजे श्वास घेणं, ६४ कुंभक, ३२ रेचक म्हणजे श्वास सोडणं असं सांगितलं आहे. पण ते मुरलेल्या साधकासाठी. हठप्रदीपिका या दुसऱ्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, चंद्रनाडीने, म्हणजे डावीने, श्वास घेऊन तो ‘यथाशक्ति’ धरायला सांगितला आहे, तिथे आकडा नाही. त्याच उपदेशात पुढे म्हटलं आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. नवख्या माणसाला पहिल्या वर्गात १६ आकडे श्वास कोंडायला लावणं मला पटत नाही. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर कुंभकाच्या वाटेला जाऊच नये.

तुम्ही एवढंच करा. जितका सहज येईल तितका श्वास घ्या, पोटभर ओढू नका, आणि सोडताना किंचित जास्त वेळ द्या. मोजायचंच असेल तर ४ घ्या, ६ सोडा, पण मोजण्याने घशात ताण येत असेल तर मोजू नका. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना मंदावतात. संथ, लांब रेचकाने शांत वाटतं त्यामागे हेच आहे, आणि त्यासाठी श्वास कोंडावा लागत नाही. कसोटी रेचकाच्या शेवटाला लावायची. सोडलेल्या श्वासाचा शेवटचा भाग सुरुवातीइतकाच सावकाश गेला आणि पुढचा घाई न करता आला, तर तुमचं प्रमाण बरोबर. फस्सकन सुटला तर लांबी कमी करा.

बोटं नाकपुडीच्या मऊ भागावर नुसती टेकवा. बरेच जण इतकं दाबतात की नाकातला मधला पडदाच सरकतो आणि उघडी बाजूही अरुंद होते. मान उजवीकडे कलते का, तेही एकदा आरशात बघा. पाच-सहा आवर्तनं झाली की हात खाली ठेवून नुसतं बसा. पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास तरी जाऊ द्या.

प्रतिसाद

कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, त्यामुळे नाकापुरतं बोलते.

तुम्ही वर्णन केलंय ते निरोगी नाकाचं लक्षण आहे! नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मऊ उंचवटे असतात, त्यांत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. एका बाजूचे फुगतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे आकसतात आणि काही तासांनी पाळी बदलते. स्वायत्त मज्जासंस्था हे आपोआप करत असते. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये याची नोंद केली. योग्यांच्या ध्यानात ते त्याच्या कितीतरी आधी आलं होतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. कुशीवर झोपलं की खालची बाजू चोंदते, वरची मोकळी होते. डाव्या कुशीवर झोपत असाल तर सकाळी डावी बंद असणारच. त्यावरून मनाच्या समतोलाचं निदान कुणी करू नये आणि तुम्हीही करून घेऊ नका.

एकच बाजू दिवसरात्र बंद राहत असेल, तिथून वारंवार रक्त येत असेल किंवा वास येईनासा झाला असेल, तर मात्र तपासून घ्या. पडदा वाकडा असू शकतो किंवा आत मांस वाढलेलं असू शकतं. आणि सराव व्हावा म्हणून नाक मोकळं करणारे थेंब रोज घालू नका. काही दिवसांतच नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

मुंग्या आणि डोकं हलकं होणं हे कुंभकानंतर जे भराभर मोठे श्वास घेता त्यामुळे असावं. तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साईड गरजेपेक्षा कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. प्राणवायू कमी पडलेला नसतो. असं झालं की सराव थांबवा आणि श्वास साधा चालू द्या.

प्रतिसाद

पहाऱ्याबद्दल लिहिते, कारण मी त्यातून गेले आहे. मला डोळे मिटले की जास्त व्हायचं. डोळे अर्धे उघडे ठेवून समोरच्या जमिनीवर नजर ठेवायला लागले तेव्हा फरक पडला. शिवाय लक्ष छातीवर न ठेवता बोटावर ठेवत गेले : श्वास बाहेर जाताना अनामिकेला लागणारी ऊब, बस. ज्या दिवशी मन फारच बिथरलेलं असेल त्या दिवशी अनुलोम-विलोम नकोच, भ्रामरी करा, म्हणजे भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडा. गुंजारव करताना रेचक आपोआप लांबतो आणि मोजायला काही उरत नाही. धडधड आणि भीती वाढतच गेली तर समुपदेशकाशी बोलायला संकोच करू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाकाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, इतके दिवस स्वतःला उगाच बिघडलेली समजत होते. आज कुंभक न करता बसले. रेचक शेवटपर्यंत सावकाश गेला. फक्त एक शंका राहिली : ऐन सरावाच्या वेळी एक बाजू अगदीच बंद असेल तर काय करायचं? जोर लावून श्वास घेतला की पुन्हा घसा आवळतो.

प्रतिसाद

जोर अजिबात लावायचा नाही. डावी बंद असेल तर थोडा वेळ उजव्या कुशीवर पडा, किंवा डाव्या हाताची मूठ उजव्या काखेत दाबून बसा. योगदंड, म्हणजे योग्यांची टेकायची काठी, काखेत घेतात तो याचसाठी. त्यानेही उघडली नाही तर हात मांडीवर ठेवा आणि दोन्ही नाकपुड्यांनी संथ श्वास घेत राहा, मनाने मात्र एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जा. त्या दिवसाचा सराव तोच.